अडचणीच्या जागेचा इतिहास

गेल्या श्रावणात शहापूरहून मुरबाडला जाण्याचा योग आला. किन्हवली, सरळगाव या वाटेने भरपावसात आमची भाड्याची ईको मुरबाडच्या वेशीपर्यंत कशीबशी आली आणि एकदा थांबली ती पुन्हा सुरू होईना. चावी फिरवली की नुसता 'टक्' असा आवाज होई, एवढेच. सुदैवाने माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे गॅरेज जवळच होते. ढकलत ढकलत गाडी त्याच्या पत्र्याखाली नेली. ईकोचे इंजिन पुढच्या आसनांखाली दडवलेले असते. उन्हाळ्यात त्या आसनावर बसून ज्यांनी प्रवास केला आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. त्याने आसन उचलून बाजूला ठेवले, कमरेपर्यंत आत वाकून पाहिले आणि म्हणाला, "सर, स्टार्टर गेलाय. उतरवावा लागेल. पंधरा मिनिटं बसा."

पंधरा मिनिटे हा शब्द ऐकून मला हसू आले. स्टार्टर उतरवणे म्हणजे काय असते, हे मला ठाऊक होते. स्टार्टर कुणाला दिसेल अशा जागी कधीच नसतो. त्याचा एखादा बोल्ट तरी असा बसवलेला असतो की डोळा लावला तर हात जात नाही आणि हात घातला तर डोळ्याला काही दिसत नाही. आमच्या वेळी अशा एका बोल्टापायी अर्धा दिवस जाई.

त्याने फळीवरून पिस्तुलाच्या आकाराचे एक यंत्र काढले. लांबीला जेमतेम वीतभर, मुठीखाली बॅटरीचा ठोकळा, वायर कसली नाही. त्याच्या तोंडात त्याने एक लांब दांडी आणि काळ्या रंगाची गोटी बसवली आणि हात त्या खबदाडात घातला. आधी नुसते 'घुर्र' झाले. मग यंत्र एकदम चिडल्यासारखे 'टर्रर्र' करून ठोकू लागले. आणि पाच-सात सेकंदांत गंजलेला बोल्ट त्याच्या तळहातावर होता. मी पाहतच राहिलो. माझा डावा हात उजव्या हाताच्या कोपराखाली असलेल्या एका जुन्या डागावरून फिरत होता, हे माझ्या मागाहून ध्यानात आले.

या यंत्राला तो नुसते 'इम्पॅक्ट' म्हणतो. मी जन्मभर मुलांना इतिहास शिकवला. त्यात तह होते, सनावळ्या होत्या, गादीचे वारस होते. पण पान्याचा इतिहास मी कधी शिकवला नाही, आणि खरे सांगायचे तर तोच एक इतिहास मी माझ्या हातांनी थोडासा पाहिला आहे.

१९६९ साली मी अकरा वर्षांचा होतो आणि शहापूरजवळ आग्रा रोडवरच्या एका गॅरेजात 'बारक्या' होतो. बारक्या हे नाव नव्हे, ते पद होते. आधीचा बारक्या अंगाने भरला, त्याचा हात जाईनासा झाला, म्हणून त्याला बढती मिळाली आणि त्याच्या जागी मी लागलो. शाळा सकाळची असे. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत मी गॅरेजात. पगार असा नव्हता. जेवण, चहा आणि दिवाळीला एक शर्ट.

आग्रा रोडवर गॅरेजे का झाली, याचे उत्तर कसाऱ्याच्या घाटात आहे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे १८६१ साली कसाऱ्यापर्यंत आली आणि थळ घाट चढून इगतपुरीला पोहोचायला तिला १८६५ साल उजाडले. सदतिसास एक अशी ती चढण आहे. आजही गाड्यांना मागून ढकलणारी इंजिने कसाऱ्याला लागतात. जे रेल्वेचे तेच रस्त्याचे. मालाने भरलेली लॉरी घाट चढायच्या आधी नट आवळून घेई, आणि उतरून आलेली लॉरी ब्रेकचा करपट वास सोडीत आमच्या दारात उभी राही. मुरबाडची तऱ्हा निराळी. रेल्वेचा रूळ त्या गावाने अजून पाहिलेला नाही. कल्याणहून येणारा रस्ता मुरबाडवरून माळशेज घाटाकडे जातो, आणि त्याच तालुक्यात त्याहून कितीतरी जुना नाणेघाट आहे, जिथे सातवाहनांचा शिलालेख आहे आणि जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण आहे. त्या वाटेने शतकानुशतके बैलांच्या पाठीवरून माल गेला. म्हशाच्या जत्रेला ज्या गाड्या येत त्यांतही आट्याचा नट औषधाला सापडला नसता. सगळा मामला खुंटी, पाचर आणि तापवून चढवलेली लोखंडी धाव यांवर चाले. सैल झाले की ठोकायचे. फिरवून आवळायची गोष्ट आमच्या भागात रुळांबरोबर आली असावी, असा माझा आपला तर्क आहे.

आणि ती आली तीसुद्धा साहेबाच्या आट्यांची. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज कारागिराने १८४१ साली आट्यांचे एक माप ठरवून दिले. त्यापूर्वी प्रत्येक कारखान्याचा आटा वेगळा. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टाला बसत नसे. व्हिटवर्थच्या आट्याचा कोन पंचावन्न अंशांचा. १८६४ साली अमेरिकेत विल्यम सेलर्सने साठ अंशांचा आटा सुचवला, आणि झाली दोन घराणी. दुसऱ्या महायुद्धात एका बाजूने लढणाऱ्या या दोन राष्ट्रांचे नट एकमेकांच्या बोल्टांना बसेनात, तेव्हा त्यांना शहाणपण सुचले आणि नोव्हेंबर १९४८ मध्ये ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी मिळून एक आटा मान्य केला. युरोपचे मिलिमीटरवाले तिसरे घराणे त्यातही बाहेरच राहिले.

हा समझोता शहापूरपर्यंत पोहोचला नव्हता. आमच्या दारात तिन्ही घराणी एकाच वेळी उभी असत. मॉरिस आणि जुन्या बेडफर्ड इंग्रजी आट्यांच्या. विलिस घराण्यातली महिंद्राची जीप, वालचंद हिराचंदांच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या डॉज आणि फार्गो, या अमेरिकन. त्याच कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट मात्र इटालियन, म्हणजे मिलिमीटरची. आणि जमशेदपूरची टाटा-मर्सिडीज लॉरी जर्मन, तीही मिलिमीटरची. (मी गॅरेजात लागलो त्याच वर्षी तिच्या तोंडावरचा मर्सिडीजचा तारा गेला आणि टाटांचे अक्षर आले.) वजने-मापे दशमान करण्याचा कायदा १९५६ साली झाला होता, नव्या पैशांची सवय आम्हांला झाली होती, पण आमच्या उस्तादांच्या पेटीत अजून अर्धा, नऊ-सोळा, पाच-अष्टमांश असे इंची पाने आणि दहा-अकरा, बारा-तेरा असे मिलिमीटरचे पाने एकत्र खडखडत असत. व्हिटवर्थच्या पान्यावर तर नटाच्या तोंडाचे माप नसून बोल्टाच्या जाडीचे माप लिहिलेले असे. त्यामुळे 'अर्धा दे' म्हटल्यावर कुठला अर्धा, हे उस्तादांच्या चेहऱ्यावरून ओळखावे लागे. जवळपासचा, किंचित सैल पाना लावला की नटाचे कोपरे मरत. कोपरे मेलेला नट म्हणजे पुढे छिन्नी आणि शिव्या.

यात आमच्याकडचा पाऊस. चार महिने चाकांखालून उडालेले पाणी नटांत मुरते. जूनमध्ये हाताने फिरणारा नट दिवाळीला लोखंडाशी एकजीव झालेला असे. रॉकेल घालून रात्रभर ठेवायचे, सकाळी पाना लावायचा. चाकाच्या नटाला साधारण शंभर न्यूटन-मीटर जोर लागतो असे आज पुस्तकात वाचतो. म्हणजे वीतभराहून थोड्या लांब पान्याच्या टोकाला चाळीसेक किलोंचा भार हवा. त्या वेळी माझे सबंध वजनही तेवढे नव्हते. आम्ही पान्यावर उभे राहून नाचत असू. एकदा एका जीपच्या डाव्या चाकाच्या नटावर आम्ही तिघे असे नाचलो, आणि तो जागचा हलेना. चौथ्या उडीला स्टड मोडला. उस्ताद चहा घेऊन परत आले तेव्हा उलगडा झाला: त्या जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांना डावे आटे असत, म्हणजे आम्ही तो सोडवीत नव्हतो, जीव तोडून आवळीत होतो. कानशिलात बसली ती वेगळीच.

परंतु चाकाचा नट मोकळ्यावर असतो. तिथे काय, दांड्याला पाइप लावा, माणसे वाढवा. खरा प्रश्न अडचणीच्या जागेचा. पाना फिरायला त्याला झोके घ्यायला जागा लागते. नट षट्कोनी, त्यामुळे साध्या पान्याला नट पुढच्या पकडीपर्यंत आणायला साठ अंशांचा फेरा हवा. म्हणून कुण्या शहाण्याने पान्याचे तोंड पंधरा अंशांनी तिरके केले. एकदा लावा, फिरवा, मग पाना उलटा करून लावा. तीस अंशांत काम भागते. हातात पाना असलेल्या कुणालाही हे तिरके तोंड रोज दिसते. ते तिरके का, हे विचारणारा क्वचित भेटतो. बारा कोनांच्या रिंग पान्यानेही तीस अंशांतच भागते. मग रॅचेट, त्याचे पहिले पेटंट अमेरिकेत १८६३ साली निघाले. चाकाला बहात्तर दाते असले की पाच अंशांची हालचाल पुरे. साठ, तीस, पाच. पान्याचा सगळा इतिहास मला या आकड्यांत दिसतो: दांड्याला लागणारी जागा माणूस एकसारखी कमी करीत आला.

आमच्या गॅरेजात रॅचेट नव्हते. मी होतो.

त्या दिवशी एक फार्गो आली होती. मॅनिफोल्डचा सर्वांत मागचा नट सुटून आवाज करीत होता. ड्रायव्हरला रात्रीच्या आत नाशिक गाठायचे होते, इंजिन निवायला वेळ नव्हता. उस्तादांनी मला बॉनेटवर आडवे झोपवले आणि म्हणाले, "बारक्या, बोटांनी चढव, मग पाना देतो." हात गेला. नट आट्यावर बसला, दोन फेरे घेतलेसुद्धा. मात्र परत काढताना कोपर अडकले. मी ओरडलो असेन. मला ते आठवत नाही. करपलेल्या केसांचा वास आठवतो. उस्तादांनी माझा हात तेल लावून फिरवून बाहेर काढला, त्यावर चुना फासला आणि ड्रायव्हरकडून मला आठ आणे देवविले. मला त्याचे दुःख झाले असे म्हणणे खोटेपणाचे होईल. त्या वयात मला अभिमानच वाटला. जिथे उस्तादांचा हात जात नाही तिथे माझा जातो, ही केवढी गोष्ट होती! उस्ताद दुष्ट नव्हते. त्यांच्या स्वतःच्या हातावर तसेच दोन डाग होते.

आता ठोक्याविषयी. गंजलेला नट नुसत्या जोराने सुटत नसला की उस्ताद पाना लावून त्याच्या टोकावर हातोडीचे बारीक बारीक ठोके देत. त्याच वजनाने न हललेला नट ठोक्याने सरके. याचे कारण असे की हातोडीचा घाव क्षणाच्या हजाराव्या भागात संपतो. तेवढ्या अवधीत जोराची कमान हाताच्या आवाक्याबाहेर चढते आणि त्या हादऱ्याने गंजाची पकड फुटते. दुसरी गंमत म्हणजे, सलग जोर लावताना जेवढा जोर नटावर जातो तेवढाच उलटा आपल्या मनगटावर येतो, हा न्यूटनचा नियम. ठोक्याने मारताना तो मनगटाला जाणवत नाही. इम्पॅक्ट यंत्राच्या पोटात याहून निराळे काही नाही. आत एक फिरती हातोडी, तिच्यामागे स्प्रिंग आणि पुढे दोन कानांची ऐरण. काम हलके असेतो सगळे एकत्र फिरते. अडले की हातोडी स्प्रिंग दाबून मागे सरते, ऐरणीचे कान ओलांडते आणि पुन्हा येऊन आदळते. असे मिनिटाला तीन हजारांवर ठोके. ठोके सरळ न पडता गोल फिरण्याच्या दिशेने पडतात, एवढाच काय तो फरक. झोका शून्य अंश. दांडा नाही, त्यामुळे त्याला जागा नको. बोल्टाच्या रेषेत यंत्र मावले की झाले. म्हणजे म्हशाच्या गाडीवानाची पाचर ठोकण्याची रीतच फिरून परत आली, असे मी एकदा वर्गात म्हणून गेलो आणि मुले हसली. मला ते अगदीच चुकीचे वाटत नाही.

ठोका देणाऱ्या या पान्याची कल्पना अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात रूढ झाली. तो आधी वाऱ्यावर, म्हणजे दाबलेल्या हवेवर चाले. आमच्या भागात हा वाऱ्याचा पाना आधी आग्रा रोडवर आला, टायरवाल्यांकडे. कारण त्याला कॉम्प्रेसर हवा, कॉम्प्रेसरला वीज हवी, आणि त्या खर्चासाठी दारात रांग लावणाऱ्या लॉऱ्या हव्यात. शहापूरला हे तिन्ही होते. मुरबाडपलीकडे टोकावड्याच्या बाजूला यांतले एकही पुरेसे नव्हते. आणि साधारण २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत तर खेड्यातली वीज दिवसाकाठी कितीतरी तास जाई. एकाच जिल्ह्यातल्या दोन शेजारी तालुक्यांत पान्याचे दोन निरनिराळे काळ एकाच वेळी चालू होते. शिवाय वाऱ्याच्या पान्यामागे रबरी नळीचे शेपूट. चाकाला ठीक, पण बॉनेटच्या आतल्या बोळांत ते न्यावे कसे?

वायर तोडण्याचा खटाटोप दुसरीकडे चालू होता. पिस्तुलासारखी मूठ आणि चाप असलेल्या विजेच्या ड्रिलचे पेटंट ब्लॅक अँड डेकर या अमेरिकन कंपनीला १९१७ साली मिळाले. त्याच कंपनीने १९६१ साली बॅटरीवरचे बिनवायरचे ड्रिल आणले. हे यंत्र चंद्रावर जाण्यासाठी शोधले गेले, असे अनेक जण सांगतात. ते खरे नाही. ते आधीच बाजारात होते. पण अंतराळाशी त्याचा संबंध आला तो मोठा मौजेचा आहे. पोकळीत तरंगणारा माणूस बोल्ट फिरवायला गेला तर बोल्ट जागी राहतो आणि माणूसच फिरतो. म्हणून उलटा झटका न देणारा पाना मुद्दाम तयार केला, आणि मार्च १९६६ मध्ये जेमिनी-८ या यानातून बाहेर पडून डेव्हिड स्कॉट याने तो वापरून पाहायचा असे ठरले. पण यानाचा एक झोत बिघडून सबंध यानच गरगर फिरू लागले, मोहीम आवरती घ्यावी लागली आणि पाना पेटीतच राहिला. हाच स्कॉट १९७१ साली अपोलो-१५ मधून चंद्रावर उतरला. या खेपेस त्याच्या हातात बॅटरीचे ड्रिल होते. ते चंद्राच्या मातीत असे रुतले की त्याला आणि त्याच्या सोबत्याला खांदा लावून नळी उपसावी लागली. त्या साली मी शहापूरला खांदे लावीतच होतो. वर्तमानपत्रात हे वाचले असते तर उस्तादांना केवढा आनंद झाला असता!

बॅटरीची खरी अडचण वजनाची होती. निकेल-कॅडमियमची बॅटरी जड, लवकर दमणारी. लिथियम-आयनची बॅटरी १९९१ साली सोनीने बाजारात आणली ती कॅमेऱ्यासाठी, मग ती टेलिफोनात गेली आणि २००५ च्या सुमारास अवजारांत आली. तिच्या शोधाबद्दल तिघांना २०१९ चे नोबेल मिळाले. एका बाजूला बॅटरी हलकी होत होती, आणि दुसऱ्या बाजूला, योगायोगाने म्हणा, मोटारीतली जागा आटत होती. जुनी अँबेसेडर वा फियाट आठवा: इंजिन उभे, दोन्ही अंगांना मूल झोपेल एवढी मोकळी जागा. सुएझच्या पेचप्रसंगात पेट्रोल तुटले, तेव्हा अ‍ॅलेक इसिगोनिस याने लहान गाडीत माणसांना जागा मिळावी म्हणून इंजिन आडवे घातले. ती मिनी गाडी १९५९ ची. आपल्याकडे डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली ती याच वळणाची. माणसाला बसायला मिळालेली प्रत्येक वीत मेकॅनिकच्या हाताकडून घेतलेली आहे. पुढे ओम्नी आली, टाटांचा छोटा हत्ती आला, ईको आली. मुरबाड-कल्याण रस्त्यावर दहा माणसे दाटीवाटीने नेणाऱ्या गाडीचे इंजिन त्यांच्याच बुडाखाली. दुरुस्ती करणाऱ्याचा विचार आरेखन करणाऱ्याने केलेला नाही, हे माझे मत मी कुणापुढेही मांडायला तयार आहे.

इथे एक सोयीस्कर गोष्ट सांगता येईल: की यंत्र आले आणि त्याने बारक्याला सोडवले. मी ती सांगणार नाही, कारण सनावळी तसे म्हणत नाही. मी मुरबाड तालुक्यात शिक्षक म्हणून रुजू झालो तेव्हा हजेरीपटावरून मुले कशी गळतात हे वर्षानुवर्षे पाहिले. म्हशाच्या जत्रेला गळत ती परत येत. भातलावणीला गळत तीही येत. गॅरेजात गळलेली येत नसत. १९८६ साली बालकामगारांचा कायदा झाला. धोक्याच्या धंद्यांच्या त्याच्या यादीत पुढे मोटार दुरुस्तीची गॅरेजेही आली. १९९५ साली शाळेतल्या दुपारच्या अन्नाची योजना निघाली. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्काचे झाले. २०१६ च्या दुरुस्तीने, घरच्या बिनधोक कामाचा अपवाद सोडता, चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायलाच बंदी आली. यांतली एकही गोष्ट सरळ रेषेत घडली नाही, कायदा आल्यावरही मी गॅरेजात मुले पाहिली. पण संख्या घटत गेली. आमच्या भागातल्या लहान गॅरेजांत हे बॅटरीचे यंत्र दिसू लागले ते यानंतर. म्हणजे यंत्राने बारक्याला हाकलले नाही. बारक्याची जागा आधीच रिकामी झाली होती, आणि ती भरायला काहीतरी हवे होते.

माझा तो विद्यार्थी १९९३ साली सातवीत होता. सोमवारी गैरहजर, मंगळवारी गैरहजर. शोधत गेलो तर एका गॅरेजात उभ्या असलेल्या जीपखाली मला त्याचे दोन पाय तेवढे दिसले. मालकाशी मी वाद घातला. तो शांतपणे म्हणाला, "सर, याचा हात जातो तिथे माझा जात नाही. तुम्हीच सांगा, काय करू?" माझ्यापाशी त्या वेळी उत्तर नव्हते. मी शर्टाची बाही वर केली आणि डाग दाखवला. त्याने तो पाहिला, काही बोलला नाही. पण दुसऱ्या दिवशी पोरगा वर्गात होता. दहावी झाला, आयटीआयला गेला, आणि शेवटी गॅरेजच काढले. मला वाईट वाटले नाही. काम तेच असले तरी त्यात तो स्वतःच्या पायांनी शिरला होता.

या यंत्राचे फार कौतुक करण्याचेही कारण नाही. त्याला सोडवायला चांगले येते, आवळण्यातले तारतम्य त्याच्याजवळ नाही. ठोके किती बसले याचा हिशेब हाताला लागत नाही, आणि आता इंजिने अ‍ॅल्युमिनियमची. पोलादी बोल्ट क्षणात त्याचे आटे ओढून काढतो. गंजलेल्या बारीक बोल्टाचे डोके उडाले तर तुकडा आत राहतो आणि मग अर्धा दिवस त्याच्यामागे जातो. वाचवलेली मिनिटे व्याजासकट परत करावी लागतात. चकचकीत साध्या गोट्या त्याच्या ठोक्याने फुटून डोळ्यात उडू शकतात, म्हणून त्याला काळ्या, चिवट पोलादाच्या गोट्या हव्यात. आवाज तर असा की दिवसभर वापरणाऱ्याने कानात बोळे घालावेत. माझा विद्यार्थी घालत नाही. मी सांगितले, "हो सर" म्हणाला, आणि मला कळले की तो घालणार नाही.

मात्र शेवटचे आवळणे तो यंत्राने करीत नाही, हे पाहून बरे वाटले. त्यासाठी त्याच्याकडे जोर मोजणारा लांब दांड्याचा पाना आहे. आणि सुरुवातही यंत्राने करायची नसते. बोल्ट आट्यावर बोटांनीच बसवायचा, दोन-तीन फेरे हाताने द्यायचे. आडवा चढला तर यंत्र तो तसाच बिनदिक्कत आवळत नेते. म्हणजे साठ अंशांपासून शून्यापर्यंत आलेल्या या सगळ्या इतिहासानंतरही पहिले दोन फेरे बोटांचेच राहिले आहेत.

स्टार्टर दुरुस्त होऊन आला तेव्हा पाऊस थोडा उघडला होता. अर्थात पंधरा मिनिटांचे दोन तास झाले होते. तेवढे गृहीतच धरायचे असते. त्याने स्टार्टर जागी धरला, खालचा बोल्ट बसवला आणि वरच्यासाठी हात आत घातला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा बोल्ट निसटून खाली पडला. पस्तिशी-चाळिशीचा धिप्पाड गडी तो, तळहात फावड्यासारखा. त्याचा मुलगा बाजूला दप्तर पाठीला लावून उभा होता, सहावी-सातवीतला, मनगट काडीसारखे. बापाने त्याच्याकडे पाहिले. मीही पाहिले. मग त्याने माझ्याकडे वळून, जरा संकोचून विचारले, "सर, तुमचा हात अजून बारीक आहे. जरा बघता का?"

म्हातारपणात मांस झडते, हा त्याचा एक फायदा म्हणायचा. मी चष्मा काढून ठेवला, बाही दुमडली. इंजिन थंड आहे ना, एवढे मात्र मी आधी दोनदा विचारून घेतले.